हजर ग्राहक: एक

(गारखेडा. पाणीदर आढावा समितीचं सभागृह, सकाळी साडेअकरा. टेबलामागे समितीचे अध्यक्ष तात्यासाहेब आणि लिपिक प्रांजली. समोर राजाबाई, एकटीच.)

तात्यासाहेब: ...आणि शेवटी लिहा, "ग्राहकांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला."

प्रांजली: सर, ग्राहक एकच आहे. या मावशी.

तात्यासाहेब: मग एकीनं उत्स्फूर्त दिला. तुमची अडचण काय आहे?

प्रांजली: त्यांनी अजून काहीच दिलेलं नाही. प्यायला पाणी मागितलं फक्त.

तात्यासाहेब: द्या ना मग, एक बाटली फोडा. हं, बाई, नाव?

राजाबाई: राजाबाई. अजिंठ्याच्या अलीकडं आमची वस्ती हाय. पहाटंची एस्टी धरली तवा आत्ता पोचले.

तात्यासाहेब: वा! बघा प्रांजली, शंभर किलोमीटरवरून लोक येतात. याला म्हणतात जागृती.

राजाबाई: कशाची जागृती सायेब? योजना तिकडं, नळ तिकडं, अन् सुनावणी गारखेड्यात. जवळ ठिवली असती तर चार बाया आणखी आल्या असत्या.

तात्यासाहेब: पेपरात जाहिरात दिली होती आम्ही.

राजाबाई: व्हय, घावली की. भजी बांधून आली होती त्यात. आमच्या सुनंनं वाचली, तनुजानं. अर्धी तेलात गेल्ती, तारीख अन् पत्ता तेवढा राहिला होता.

तात्यासाहेब: असो. हे बघा, पाणीपट्टी दुप्पट होतेय. म्हणजे दुप्पट नव्हे, सुधारित. तुमची काही हरकत नाही. इथं सही करा, चहा घ्या, साडेबाराची गाडी मिळेल तुम्हाला.

राजाबाई: एवढी घाई कामून?

प्रांजली: मावशी, निदान एका ग्राहकाची सही नसली तर सुनावणी झालीच नाही असं धरतात.

तात्यासाहेब: प्रांजली! तुम्हाला कुणी विचारलं का?

राजाबाई: म्या इचारलं की. बरं, म्हंजी माझ्यावाचून तुमचं अडलंय. लई बरं वाटलं आइकून. आता आमचं कशानं अडलंय ते आइका.

तात्यासाहेब: थोडक्यात.

राजाबाई: आमी अकरा बाया. गट केला, समूह विकासाचं कर्ज काढलं. मेंढरं वाढवली, त्यायला पाण्याचा हौद बांधला, हौदाला नळ घेतला. कर्जवाले सायेब म्हणले, बोर्ड लावा, नायतर दुसरा हप्ता नाय. लावला. "मेंढीपालन व्यवसाय." पेंटरनं मेंढीचं चित्रबी काढलं, कुत्र्यावानी दिसतंय, पण काढलं.

तात्यासाहेब: छान. मग?

राजाबाई: मग तुमचा वसुलीचा माणूस आला, राजकुमार. त्यानं बोर्ड वाचला. म्हणला, व्यवसाय का? मग तुमाला हॉटेलचा दर. घरगुतीच्या चौपट बिल धाडलं.

तात्यासाहेब: बरोबरच आहे. व्यवसाय म्हणजे व्यावसायिक दर.

राजाबाई: सायेब, मेंढरं पाणी पितात. चहा करून इकत नाहीत.

तात्यासाहेब: लोकर विकता ना?

राजाबाई: कोण घेतं लोकर? कातरणाऱ्याला पैसे आमीच देतो अन् खड्डा काढून पुरतो. तुमच्याकडं कुणी गिऱ्हाईक असंल तर सांगा, उद्या पोतं धाडते.

तात्यासाहेब: मग तो बोर्ड काढून टाका. इतकं सोपं आहे.

राजाबाई: काढला. दुसऱ्याच दिशी कर्जवाल्यांचा फोन. म्हणले, व्यवसाय नाय तर कर्ज कशाचं? समदं आठ दिसात परत भरा. पुन्ना लावला. राजकुमार पुन्ना आला. आता त्या बोर्डाला खिळा धरंना झालाय.

प्रांजली: बाप रे!

राजाबाई: सोमवारी नळ तोडणार हायेत. दोनशे मेंढरं हायेत अन् हिरीला तळ दिसतोय. मेंढरातली निम्मी गाभण.

तात्यासाहेब: हे बघा बाई, दोन्ही कार्यालयं आपापल्या जागी बरोबर आहेत.

राजाबाई: हायेत की. मेंढरंच चुकीच्या जागी हायेत.

तात्यासाहेब: आणि ही समिती फक्त दर बघते. कुणाचा नळ घरगुती आणि कुणाचा व्यावसायिक, हे आमच्या अखत्यारीत येत नाही.

प्रांजली: येतं सर. वर्गवारीचा वाद समितीनंच मिटवायचाय. नियम एकेचाळीस.

तात्यासाहेब: तुम्ही ती नियमावली कशाला आणलीत इथं?

प्रांजली: पंख्यानं कागद उडत होते सर. वर ठेवायला.

राजाबाई: पोरी, तेवढं बघ गं. हॉटेलचा दर लावत्यात, तर मग हॉटेलाला काय काय भेटतं? लिवलंय का त्यात?

प्रांजली: थांबा हं... हे इथं. "व्यावसायिक ग्राहकास दररोज किमान दोन तास पाणीपुरवठा बंधनकारक राहील. ज्या दिवशी पुरवठा होणार नाही, त्या दिवसाची पट्टी माफ असेल."

तात्यासाहेब: काय? हे कुणी लिहिलं?

प्रांजली: खाली तुमचीच सही आहे सर.

तात्यासाहेब: सगळ्यांच्या सह्या असतात हो खाली! वाचतं कोण?

राजाबाई: आमच्या नळाला नवव्या दिशी पाणी येतं. म्हंजी आठ दिवस माफ, एका दिसाचे पैसे. सायेब, मला हॉटेलच करा तुमी.

तात्यासाहेब: अहो, असं कसं...

राजाबाई: पक्कं करा, शिक्का मारून. बोर्ड आणखी मोठा करते. मेंढरायला टेबल-खुर्च्या टाकते.

तात्यासाहेब: प्रांजली, हा नियम बाकीच्यांना माहीत आहे का? म्हणजे खऱ्या हॉटेलवाल्यांना?

प्रांजली: अजून नसावा. पण मावशींना सूट दिली की मिनटात व्हॉट्सअॅपवर फिरेल सर. मग सगळेच मागतील. मागच्या तीन वर्षांची.

तात्यासाहेब: पंखा वाढवा जरा. हं, राजाबाई, शांतपणे बघू आपण. तुम्ही गरीब माणसं. तुम्हाला घरगुतीच दर ठेवू.

राजाबाई: अन् कर्ज?

तात्यासाहेब: तसं लिहून देतो. "गटाचा नळ जनावरांच्या पिण्याच्या पाण्यासाठी असल्यानं घरगुती दरानं चालू ठेवावा. सबब कर्जातील व्यवसायाच्या नोंदीस बाधा येत नाही." झालं? नळ तुटणार नाही, कर्ज परत मागणार नाहीत, बोर्डही राहू द्या. लिहा प्रांजली.

प्रांजली: लिहिलं सर. सही करा. शिक्का मारते.

तात्यासाहेब: आता इकडे या बाई. ही आमची वही. करा सही.

राजाबाई: आधी तो कागद वाच गं पोरी, सावकाश. सही येती मला, पण वाचणं जड जातं.

प्रांजली: जसं बोलले तसंच आहे मावशी. जावकला नोंद केली, नंबरही टाकला. राजकुमारच्या कार्यालयात मेल गेला, कर्जवाल्यांनाही. ही तुमची प्रत.

तात्यासाहेब: इतकी तडफ कधी आली तुमच्यात?

राजाबाई: आता वही आण. ह्यातला हरकतीचा रकाना कोणता?

तात्यासाहेब: तो नाही, डावीकडचा. डावीकडं करा.

राजाबाई: पोरी, कोणता?

प्रांजली: ...उजवीकडचा, मावशी.

राजाबाई: हं. रा... जा... बा... ई. झाली.

तात्यासाहेब: अहो, हे काय केलंत? तुमचं काम झालं ना?

राजाबाई: झालं की. लई उपकार. पण ते मेंढरांचं होतं. वस्तीवर ऐंशी घरं हायेत, त्यायलाबी नवव्या दिशीच पाणी. दुप्पट दर कशाचा घेता? त्यायच्या वतीनं मीच आलेय ना इथवर.

तात्यासाहेब: ही बेइमानी आहे! मी तो आदेश रद्द करतो.

प्रांजली: रद्द करायला पुन्हा सुनावणी लागेल सर.

तात्यासाहेब: मग आता अहवालात काय लिहायचं?

प्रांजली: हजर ग्राहक, एक. हरकती, एक. शंभर टक्के विरोध. "उत्स्फूर्त" ठेवू का?

तात्यासाहेब: काही ठेवू नका! तहकूब लिहा. सुनावणी पुढच्या महिन्यात. आणि प्रांजली, तुमचं काय करायचं ते बघतोच मी. ड्रायव्हर! गाडी काढ.

राजाबाई: चहा तरी घ्यायचा सायेब... गेले व्हय?

प्रांजली: गेले. बसा मावशी, चहा आपणच पिऊ.

राजाबाई: तुझं काय करायचं म्हणले ते, खरंच करतील?

प्रांजली: काय करणार? माझं अकरा महिन्यांचं कंत्राट आहे, दहा भरलेत. पुढचं मिळणार नाही, बस. पुंडलिकनगरात दोन खोल्या आहेत भाड्याच्या, आई आहे. तिला काहीतरी सांगावं लागेल.

राजाबाई: माझ्यापायी झालं गं.

प्रांजली: छोडो मावशी. दहा महिने नुसतं "उत्स्फूर्त" लिहीत होते.

राजाबाई: पुढल्या सुनावणीला तू नसशील मग.

प्रांजली: नसेन. आणि ते जाहिरात आणखी बारीक छापतील. तुम्ही तरी याल का?

राजाबाई: येते तर. बायाबी आणते. पण ही नियमाची वही तवा टेबलावर असंल का?

प्रांजली: कसली असते! आजच कपाटात जाईल, अन् किल्ली सरांच्या खिशात.

राजाबाई: किती पानं हायेत तिला?

प्रांजली: एकशे बारा.

राजाबाई: माझी दुसरी गाडी साडेचारला हाय. वाच.