नाणेबाई आणि हिरवी बनात

अध्यक्षस्थानी असलेले संचालक महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे आपल्या नाणेबाई, त्यांचे यजमान, आणि चहाच्या आशेने का होईना, वेळेवर जमलेल्या सहकाऱ्यांनो,

बाईंबद्दल मी काय बोलावं? माझ्याकडे आपल्या संग्रहालयातलं दगडी मूर्तींचं दालन. मूर्ती आजारी पडत नाहीत. फार तर नाक गमावतात आणि तशाच उभ्या राहतात. तांब्याच्या नाण्यांचं तसं नसतं, हे मला शेजारच्या नाण्यांच्या खोलीतल्या बाईंनी शिकवलं. गडद, घट्ट हिरवा थर म्हणजे म्हातारपण. त्याला हात लावायचा नाही. बोटाला लागणारी फिकट हिरवी पूड म्हणजे दुखणं. असं नाणं लगेच वेगळं काढायचं आणि ओल शोषणाऱ्या दाण्यांसोबत हवाबंद डबीत ठेवायचं. हाच नियम त्या कार्यालयातल्या माणसांनाही लावतात, असा प्रवाद आहे. असो.

पहिल्या रांगेतल्या आजोबांना आपण ओळखताच. आयुष्यभर जमवलेली नाणी त्यांनी आपल्याला दिली, तीही कपाटासकट. प्रत्येक खणात हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, त्यांच्या दिवंगत पत्नीने स्वतः शिवून बसवलेली. अट एकच: नाणी याच कपाटात राहतील. संचालकांनी आनंदाने मान्य केलं. आता हिरव्या बनातीवर हिरवी पूड कुणाला दिसणार?

बाईंना दिसली. कपाटाच्या लाकडाची आंबूस वाफ आणि ओल धरणारी बनात मिळून नाणी खात होती. अट मोडली तर आजोबा सगळा संग्रह परत नेतील, म्हणून नाणी गुपचूप हलवावीत, असं वरिष्ठांचं मत पडलं. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि थेट आजोबांचं घर गाठलं. सोबत मला नेलं. मी गप्प बसू शकतो, एवढीच माझी पात्रता.

बाईंनी एक आजारी नाणं टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. दुखण्याचं कारण कपाट आणि बनातच आहे, हे सांगतानाही आवाज खाली आणला नाही. आजोबांनी ते नाणं जवळ ओढलं.

"म्हणजे तिने शिवलेलं काढायचं, नाहीतर मी जमवलेलं मरू द्यायचं?"

"वेगवेगळं ठेवलं तर दोन्ही टिकेल," बाई म्हणाल्या.

"लग्नाच्या वेळी आमच्या दोघांच्याही आयांचं हेच म्हणणं होतं," आजोबा म्हणाले, आणि चष्मा पुसायला आत गेले. ते बाहेर येईपर्यंत बाई जागच्या हलल्या नाहीत. मला मात्र दगडी मूर्तींची फार आठवण आली.

दुसऱ्या दिवशी आजोबा संग्रहालयात आले. बाई एकेक नाणं उचलून भिंगाखाली धरत होत्या: धडधाकट, संशयित, आजारी. आजोबा शेजारी बसून डब्यांची झाकणं लावत होते. काही नाण्यांचे चेहरे कायमचे गेले. बाकीची वाचली, ती आज दालनात आहेत.

रिकामं कपाट घरी गेलं. त्यात आता काय ठेवता, असं मी मघाशी आजोबांना विचारलं. म्हणाले, "काही नाही. खण उघडून बघतो. नाणी होती तेव्हा तिचे टाके कधी दिसलेच नव्हते."

बाई, आपले आभार मानायला माझ्याकडे याहून बरी गोष्ट नाही. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घालावं.