पटावरची तिसावी

— अगं बस, बस पोरी, त्या घड्याळाकडे सारखी काय बघतेस, पावणेपाच दाखवत असलं तरी ते अर्धा तास पुढे आहे — शाळेनं निरोप समारंभात दिलेलं, आम्हा सगळ्यांना घड्याळच देतात, का ते देव जाणे, माणसाची वेळ संपली की हातात घड्याळ! — आणि शिक्षकांच्या पेन्शन निधीचं ऑफिस काय लांब आहे, चौक ओलांडला की आलंच. खिडकी पाचला बंद होते, म्हणजे पाऊण तास तरी आहे आपल्याकडे. तो मोबाइल ठेव पिशवीत. मी बोलत असताना दुसरीकडे बघितलेलं मला तेव्हाही चालायचं नाही. हां, आता कशी शहाण्यासारखी बसलीस. अठ्ठावन्न वर्षांची झालीस तरी गुरुजींचा धाक आहे म्हणायचा — सत्तावन्न? बरं बाई, सत्तावन्न. तेच तर भांडण आहे तुझं.

कळलं मला, दोनदा सांगितलंस. कागदावर तू या महिनाअखेर अठ्ठावन्नची होतेस, म्हणजे निवृत्त. नोकरी उशिरा लागली, सासूचं दुखणं, मुलं, मग ती शिक्षकभरतीची परीक्षा — तेव्हा भरतात एकोणीस वर्षं चार महिने, आणि निधीला लागतात वीस. वीस भरली तर मरेपर्यंत पेन्शन, नाही भरली तर पगारातून कापलेलं परत घ्यायचं आणि घरी बसायचं. जन्मतारीख एका वर्षानं चुकलीय असं सिद्ध झालं तर एक वर्ष वाढून मिळतं. त्यासाठी शाळेच्या पटावर ज्यानं तुझं नाव चढवलं त्याच्या हातच्या दोन ओळी पाहिजेत, सहीनिशी, आज पाचच्या आत. चढवणारा मी. अजून जिवंत आहे. मग म्हातारा सही ठोकून मोकळा का होत नाही, असंच ना? सांगतो. घाई करू नकोस.

तुला माहितेय का, हा निधी आला कुठून? कुणाला माहीत नसतं. तुम्ही सगळे आयत्या पिठावर बसलेले — नाही, तुला नाही म्हणत, तुला काय मिळालंय अजून. तुझ्या गावातून बदली होऊन मी मोठ्या शाळेत गेलो, तिथं चित्रकलेचे मास्तर होते. चौतीस वर्षं मुलांच्या मुठीत पेन्सिल धरायला शिकवली आणि निवृत्त झाले तेव्हा एक घड्याळ मिळालं. बस्स! दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर मास्तर शाळेत हजर. म्हटलं, काय हो? म्हणाले, काही नाही, सवय. मग रोजच येऊन जिन्याखाली बसायला लागले. मधल्या सुट्टीत मुलं डबा उघडायची आणि हे म्हणायचे, बघू रे आईनं काय दिलंय — पहिल्यांदा आम्हाला वाटायचं कौतुकानं विचारतात. नंतर कळलं, उपाशी असायचे. चौतीस वर्षं शिकवलेला माणूस मुलांच्या डब्यातले दोन घास खाऊन जगत होता, आणि आम्ही स्टाफरूममध्ये बसून मान खाली घालून वह्या तपासत होतो. ते गेल्यावर त्यांच्या बायकोसाठी खडूचा रिकामा खोका फिरवला, ज्याला जे जमेल ते त्यानं टाकायचं. तोच पुढं दर महिन्याला फिरायला लागला. शेजारच्या शाळेत गेला, मग आणखी दहा शाळांत. निधी निधी म्हणतात तो हा, पोरी. खडूचा खोका.

मग संघटना झाली, मोर्चे निघाले. मोर्चा कसला, सहल! पीटीचे सर शिट्टी वाजवतायत, आम्ही दोन-दोनच्या रांगेत, आणि बुटके पुढे. पोलीससुद्धा हसले. पण सरकारनं मानलं. नियम ठरवायला समिती नेमली आणि तिच्यात मी. सगळ्यांत तरुण. तेव्हा माझी जीभ म्हणजे काय विचारू नकोस! अध्यक्ष म्हणाले, पंधरा वर्षं नोकरी पुरे. मी उठलो. म्हटलं, पंधरा? म्हणजे दुसरीकडे कुठं जमलं नाही म्हणून शिक्षक झालेले हौशे-गवशे येणार आणि आमच्या मास्तरांच्या खोक्यात हात घालणार? वीस ठेवा. टाळ्या पडल्या गं. अजून ऐकू येतात. उशिरा नोकरीला लागणाऱ्या बायका असतात, घरचं सगळं निस्तरून येतात, हे आमच्या गावीही नव्हतं. समितीत बाई होती कुठं एकतरी?

आणि तारखेनंतर आलेला कागद घ्यायचा नाही, हेसुद्धा माझंच. खिडकी पाचला म्हणजे पाचला. परीक्षेचा पेपर घंटेनंतर घेतो का आपण?

काय? जन्मतारखेचं? येतोय ना त्याच्याकडेच. जरा हळू बोल, आत माझी बायको झोपलीय. आठवड्यातून दोनदा न्यावं लागतं तिला, मशीनवर रक्त शुद्ध करायला. माझ्या पेन्शनवर चाललंय सगळं. मुलगा फोन करतो, चौकशी करतो, छान बोलतो.

तू पाच वर्षांची होतीस. मला स्वच्छ आठवतं, चूकबीक काही नाही. थोरल्या बहिणीचं बोट धरून यायचीस, पाटी नव्हती, तिच्याच पाटीच्या कोपऱ्यात रेघोट्या ओढायचीस. नाव दाखल करायला सहा पूर्ण लागायची. तुझे वडील म्हणाले, पुढच्या वर्षी घालू गुरुजी, लहान आहे. मी म्हटलं, छे छे, हुशार आहे पोरगी, वर्ष कशाला वाया घालवता! साल एकानं मागं ओढलं आणि लिहून टाकलं. वडील म्हणाले, लिहा, तुम्हाला कळतं. आणि हुशार तू होतीसच. तुझ्या भल्यासाठीच —

नाही. थांब. बस, उठू नकोस. तसं नव्हतं ते.

पटावर एकोणतीस मुलं होती. तीस असली तरच दुसऱ्या शिक्षकाची जागा कायम व्हायची, आणि तो दुसरा शिक्षक मी होतो. हंगामी. गुरुवारी साहेब तपासणीला येणार होते, त्यांच्यासमोर तीस डोकी मोजून दाखवायची होती. मी बुधवारी तुझ्या घरी आलो. झालं! तू तिसावी. साहेबांनी मोजलं, मी कायम झालो, आणि पुढं निधी आला तेव्हा त्याच महिन्यापासून माझी नोकरी धरली गेली. तुझं एक वर्ष घेतलं मी, आणि त्याच्यावर माझी सगळी नोकरी, ही खोली, आतली ती — आणि आता त्या दोन ओळींत काय लिहू? मुलीचं वय मी जाणूनबुजून खोटं लिहिलं. बरं. मग ते विचारणार, का लिहिलं? जुना पट काढणार, एकोणतीस मोजणार. माझी जागाच खोटी, मग पेन्शन कशाची? मशीनचं काय सांगू मी तिला? तू हुशार आहेस ना, तूच सांग मला.

रडू नकोस गं. तू रडलीस की मला काही सुचत नाही. पहिल्या दिवशीही अशीच रडली होतीस, आवाज न करता. दे. दे इकडे तो कागद. माझं पेन आहे. अक्षर वळणदार येणार नाही, पण येईल. 'जन्मसाल मी स्वतः... मुलीचा अथवा पालकांचा यात काही दोष नाही...' ही घे सही. तारीखही घातली. काय व्हायचं ते होवो.

नीट घडी घाल. पळ म्हणू का आता?

पळू नकोस.

ते घड्याळ पुढे नाहीये गं. बरोबर आहे ते. रोज सकाळी मीच लावतो.

अशी बघू नकोस माझ्याकडे. जा. जाताना दार ओढून घे, हळू — ती जागी होईल.