प्रश्नचिन्हं गाळलेल्या फायली

—नाही नाही, उशीर ट्रॅफिकमुळे नाही झाला मॅडम, फायलींमुळे झाला. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. म्हणजे झोप मला तशी कधीच नसते, कधी हिला ताप आहे म्हणून, तर कधी ताप नसताना ही एवढी शांत का झोपलीय म्हणून. पण कालची काळजी वेगळी होती. मागच्या वेळी तुम्ही म्हणालात ना, मिठू घरी कशी बोलते त्याचे व्हिडिओ आणा, वयाच्या क्रमानं लावून आणा, मग सांगते बोलण्यात ती मागे पडलीय की नाही — तेव्हा मी मनात म्हटलं, चला, स्पीच थेरपीत आपल्याला जमेल असं एक तरी काम निघालं. बाकी आई म्हणून माझा सगळा आनंदच आहे, पण व्हिडिओ आहेत. हजारो आहेत. जन्मल्यापासूनचे — काय विचारताय तिला? ह्या चित्रात काय आहे? बदक आहे ना मिठू? बदक. पांढरं बदक. हं, तर फायली.

माझा लॅपटॉप एका ऑपरेटिंग सिस्टिमचा, नवऱ्याचा दुसरीचा. तुमच्याकडचाही त्याच्याच जातीचा, असं बाहेरच्या रिसेप्शनवाल्या ताई फोनवर म्हणाल्या. म्हणजे माझ्याकडचं सगळं आधी त्याच्याकडे न्यायचं, तिथे नीट उघडतंय का बघायचं, मग तुमच्याकडे आणायचं. मला वाटलं, त्यात काय, इथून उचलायचं आणि तिथे ठेवायचं. कसलं काय. माहेरी जे आजवर खपून गेलं त्याला सासरी पाऊल ठेवताक्षणी नाकं मुरडली जावीत, तसं झालं. पहिल्याच फायलीला अडलं. नावात प्रश्नचिन्ह चालत नाही म्हणे. अहो, माझ्या लॅपटॉपला कधी खटकलं नव्हतं. आणि मी तर प्रत्येक व्हिडिओला नाव दिलेलं, नुसते नंबर ठेवणाऱ्यांतली मी नव्हे — 'आज आई म्हणाली का?', 'हा शब्द होता की ढेकर?', 'शेजारचा हिच्याहून लहान आहे ना?' प्रश्नचिन्हाशिवाय एक नाव सापडेल तर शपथ. नाही, एक होतं. 'नवीन पडदे'. तो नवऱ्यानं काढलेला. तो मात्र न कुरकुरता पोचला.

मग दिराला फोन केला. तो कंप्युटरमधलाच. म्हणाला, "वहिनी, ह्या फायली आहेत की उलटतपासणी?" पण मदत केली हो, छोटासा प्रोग्राम लिहून पाठवला — सगळ्या नावांमधली प्रश्नचिन्हं एका दमात गाळणारा. तो चालवला आणि झालं, सगळ्या फायली निमूटपणे पलीकडे. मी खूश. चहा घेतला. मग सहज नावं वाचायला लागले. 'आज एकही शब्द नाही'. 'हाक मारली तरी बघत नाही'. 'ही मागे पडतेय'. 'माझंच चुकतंय'. मॅडम, हे मी विचारलं होतं हो, म्हटलं नव्हतं. एवढंसं चिन्ह, पण ते गेलं आणि माझ्या सगळ्या शंकांचे निकाल लागले.

त्यात तारखाही गेल्या. नेतानेता सगळ्यांवर कालचीच तारीख बसली. म्हणजे माझी मुलगी काल सकाळी जन्मली, दुपारी रांगली, संध्याकाळी तिच्या तिसऱ्या वाढदिवसाचा केक कापला. नवरा म्हणाला, "बघ, आणि तू म्हणतेस ही मागे पडलीय." त्याला विनोद सुचतात. त्याची आई सांगते, तोही शाळेत जाईपर्यंत बोलत नव्हता, ह्या घरातली मुलं उशिराच बोलतात. मी म्हटलं, सासूबाई, मोठी झाल्यावरही फारशी बोलत नाहीत ती. मिठू हे नावही त्यांनीच पाडलं, न बोलणारा पोपट म्हणून. आता हा टोमणा तिला आहे की मला, ते मी अजून — पुन्हा तेच चित्र? सांगितलं की मॅडम तिनं. म्हणजे मीच सांगितलं, पण तिला येतं ते, घरी येतं. मिठू, बदक कसं करतं? क्वॅक क्वॅक करतं ना? बघा, लाजते.

हां, मुख्य गोष्ट राहिलीच. फायली उघडून बघितल्या, तर चित्रच नाही. काळा पडदा आणि नुसता आवाज. दीर म्हणाला, व्हिडिओ बिघडलेले नाहीत, तुमचा फोन ज्या पद्धतीनं साठवतो ती ह्या सिस्टिमला उलगडत नाही, एक सॉफ्टवेअर टाकावं लागेल. तो ते पाठवेपर्यंत मी ऐकत बसले. आणि मॅडम, चित्र असलं की कसं, तिचे गाल दिसतात, जावळ दिसतं, वाटतं तिचाच व्हिडिओ आहे. चित्र गेलं की — 'मिठू, हे काय? चेंडू ना? म्हण चेंडू. कुठल्या रंगाचा? लाल ना? लाल. शाब्बास.' पुढची फाईल. 'भूक लागली माझ्या बाळाला? लागली. दूध हवं? हवंय.' त्याच्या पुढची. सगळीकडे एकच बाई. थांबतच नव्हती ती. एका फायलीत मागे अगदी बारीक आवाजात कुणीतरी 'ते...' म्हणून सुरुवात केली होती, तर त्यावर ही बाई, 'हो हो, ते ना, तेच ते.' मी तेवढंच पुन्हापुन्हा लावलं. त्या 'ते'च्या पुढे काय होतं, ते काही कुठल्या सिस्टिमवर उघडणार नाही आता.

अर्थात फोन माझ्याच हातात असतो, त्यामुळे माझा आवाज मोठा येतो. तांत्रिक बाब आहे ती. तुम्ही ते लिहून घेऊ नका प्लीज. हा पेन ड्राइव्ह घ्या, आता चित्रंही दिसतात, क्रम तेवढा मी शेजारी बसून सांगते, ह्यात सगळं — काय? नको? अजिबातच नको? मग काय करू मी? गप्प? म्हणजे खूणसुद्धा करायची नाही? पण ती बावरेल हो, तिला तशी सवय नाही, मी जरा सुरुवात करून दिली की मग ती — बरं. बसते. ते चित्र जरा तिच्याकडे तिरकं धरलंय तुम्ही — बरं, बरं.

"मला विचारलंय त्यांनी, आई. आणि ते बदक नाहीये. मान बघ ना केवढी लांब."