शिट्टी कुणी वाजवली

पुतणी : काका, नाव विचारू नका. पाया पडते तुमच्या.

काका : अर्धा स्लॅब ओतलाय, अर्धा तसाच. गाडीतलं काँक्रीट गाडीतच सेट झालं. आणि मी विचारायचंही नाही? मग काय, हार घालू त्याला?

पुतणी : घाला. सगळ्यांसमोर जाऊन म्हणा, बरं केलंस.

काका : काय बरं केलं? स्लॅबखालचा टेकू करकरला म्हणून शिट्टी फुंकली, काम बंद पाडलं. तूच एकेक टेकू तपासलास ना? एक तरी वाकडा सापडला?

पुतणी : नाही. सगळे धड होते.

काका : संपलं तर मग.

पुतणी : नाही संपत. खरा धोका असला की कुणीही शाबासकी देतं. चुकून वाजवणाऱ्याचं आपण काय करतो, तेवढंच लोक लक्षात ठेवतात. तुमच्या घरातलं आगीचा इशारा देणारं यंत्र दूध करपलं तरी वाजायचं. म्हणून काढून टाकलंत का?

काका : टाकलं. तुझ्या काकूच्या डोक्याला ताप झाला होता.

पुतणी : काका!

काका : मुकादम, तू बोल. तुझ्या डोळ्यांदेखत झालं.

मुकादम : मी पाठमोरा होतो, साहेब.

काका : काही घडलं की तू नेमका पाठमोरा असतोस.

मुकादम : ताईंनी शब्द दिलाय खाली. नाव विचारणार नाही म्हणून.

काका : तिने दिलाय. मी नाही.

पुतणी : तुम्ही शेजारी उभे होतात! एकेकाच्या गळ्यात शिट्टी तुम्ही अडकवलीत. मागच्या वेळी टेकू सरकताना तिघांनी पाहिला होता. तिघेही गप्प बसले, काम थांबवलं की शिव्या बसतात म्हणून. आणि खाली जो होता...

काका : माहीत आहे. दवाखान्यात मीच बसलो होतो.

पुतणी : मग?

काका : मग काय? इमारतीचे मालक आज समोर उभे होते. पुन्हा असला तमाशा दिसला तर काम काढून घेतो म्हणाले. आपल्या हातात दुसरं काम नाही. त्यांना संध्याकाळपर्यंत एक नाव हवंय. एक गेला तर बाकीचे राहतात. सायन्स शिकलीस ना? कर गणित.

पुतणी : माझं नाव द्या. सुरक्षेचं काम माझ्याकडे आहे.

काका : तुझं आडनाव माझंच आहे. हसतील ते. मुकादम, खाली जा. उद्याची सुट्टी रद्द म्हणावं, सगळ्यांची. मग नाव विचार.

पुतणी : नका जाऊ, दादा.

मुकादम : जावं तर लागणारच, ताई. पण घाबरू नका. एकमेकांच्या भरवशावर वर चढणारी माणसं आहेत. कुणी तोंड उघडणार नाही.

पुतणी : नक्की?

मुकादम : लिहून घ्या.

(मुकादम जातो. थोड्या वेळाने तो परत येतो.)

काका : हं?

मुकादम : मिळालं नाव.

पुतणी : कुणी दिलं?

मुकादम : सगळ्यांनी. एकदम. मी सुट्टीचंच बोललो होतो, ताई. नाव विचारायचं अजून राहिलं होतं.

पुतणी : आणि तो?

मुकादम : बूट काढून ठेवले त्याने. कंपनीचे आहेत म्हणाला.