उसना गोलकीपर

“मावशी, माझ्या खुंटीवरची नावाची पट्टी कुणाला काढू देऊ नकोस.” लोनवर, म्हणजे वर्षभरासाठी उसना, दुसऱ्या क्लबात जाताना भाचा डिंक्या एवढंच बोलला होता. आज मावशीचा संघ त्याच क्लबच्या मैदानावर खेळायला आला होता. खेळाडू मैदानाकडे गेले आणि संघाचे कपडे सांभाळणारी मावशी मागे पडलेले टॉवेल गोळा करू लागली, तोच डिंक्याच्या आईचा फोन आला.

हॅलो?… हो ताई, बोल…

दिसला ना. प्रेक्षकांत, वरच्या रांगेत एकटाच बसलाय.

नाही गं, संघातून काढलं नाही त्याला. अगं ऐक ना… तो अजून आमचाच. वर्षभर खेळतो यांच्याकडून, एवढंच. म्हणून आमच्याविरुद्ध उतरवायचं नाही, अशी अट असते. आजच्यापुरती. पुढच्या आठवड्यात पुन्हा गोलमध्ये उभा राहील…

काय म्हणाला?… मध्यंतरात उठून घरची बस धरतो?… बॅग घेऊनच आलाय?

कायमचा?…

ना इकडचा ना तिकडचा. असं म्हणाला… हं.

ताई, उसनं दिलेलं म्हणजे नको झालेलं नव्हे. नको झालेलं आपण भंगारात घालतो. तू आजारी होतीस तेव्हा शिलाई मशीन शेजारणीला का दिलंस?… बरोबर. पडून राहिलं की गंजतं. आमच्याकडे दोन मोठे कीपर त्याच्यापुढे. बाकावरच बसला असता. इथे चौदा सामने खेळलाय…

हो, मशीनला वाईट वाटत नाही. तिथे मी हरले.

नाही, ते नाही सांगता येणार. परत खेळवतीलच, असं कुणी लिहून देत नाही. तुला खोटं कशाला सांगू?…

पट्टी? आहे ना. रोज सकाळी पुसते.

पण ऐक, मघाशी काय झालं. ट्रंकेतले शर्ट मांडताना बघते तर त्यात एकतीस नंबर. आपल्या डिंक्याचा… अगं मीच भरला, सवयीनं. सात महिने झाले तरी हात तसाच चालतो. मागे कोच उभे. म्हटलं, आता बोलणी खाते. तर त्यांनी शर्ट उचलला, स्वतः घडी घातली. म्हणाले, “नीट ठेवा, जूनमध्ये लागेल.”

जूनमध्ये लोन संपतं, ताई…

कोच स्वतः त्याला का नाही सांगत? अगं त्यांच्या तोंडाला कायम कुलूप…

फोन नको. फोनवर हो हो म्हणतो आणि शेवटी आपलंच खरं करतो. तुझ्यावर गेलाय…

हो, शब्द देते. शेजारी बसून सांगते. जायचं की राहायचं, ते मग त्याचं तो ठरवेल… मध्यंतरापर्यंत मला इथे काय काम?

शिट्टी झाली बघ. ठेवते.

तिनं ट्रंक उघडली. एकतीस नंबरचा शर्ट घडी न मोडता पिशवीत घातला, खोलीला कुलूप लावलं. वरच्या रांगेपर्यंतचा जिना उंच होता. गुडघ्यावर हात टेकत ती एकेक पायरी चढू लागली.