आता बघण्याचे पैसे

तैनानमधल्या डोळ्यांच्या दवाखान्यात, थेंब घालून डोळे मिटून बसलेल्या शूफेनबाईंच्या कानावर शेजारच्या मायलेकांचं बोलणं पडत होतं.

"आई, माझ्या भरती-ओहोटीच्या वेळांच्या साइटवरच्या जाहिराती दाबत जाऊ नकोस. दाबण्याचे पैसे बंद झालेत."

"ठाऊक आहे. नववर्षाला जेवताना बोललास की. आता बघण्याचे देतात."

"हो, जाहिरात माणसासमोर जितका वेळ राहील तितके. पण गळ टाकणारे लोक भरतीची वेळ बघतात नि पळतात. कमाई निम्म्यावर आली."

"मी नाही हो पळत. रोज दुपारभर बघत बसते."

"आणि डोळे कधीपासून चुरचुरतायत?"

"नववर्षापासूनच. पापणी लवली की मीटर थांबत असेल ना रे, आ-खाय? म्हणून लवू देत नाही."