पोरीचा खांब

भिंगरी : हसायचं नाही हं, बाबा. मैत्रिणींनी पैज लावलीय, विचारल्याशिवाय उद्या त्यांच्या बाकावर बसायचं नाही. लोकांची दारं-खिडक्या केसभरही हलू न देणाऱ्या सुताराच्या स्वतःच्या शेडचा कोपऱ्यातला खांब तिरका का?

बाबा : तिरका नाही तो. जरा कललाय.

आई : झालं. तुझ्या जन्मापासून हेच उत्तर ऐकतेय मी.

भिंगरी : आई, तू तरी सांग. सगळे खांब बुडाशी कुजलेत, आता शेडच पाडायची. पुरावाच जाईल मग.

आई : तुम्ही सांगताय, की मी सांगू?

बाबा : मी रंधा मारतोय. तूच सांग.

आई : ही शेड उभी करत होते तुझे बाबा. खड्ड्यात खांब सोडायचा, ओळंबा लावून सरळ करायचा, टेकू द्यायचे, मग माती ठोकून भरायची. शेवटच्या खांबाला टेकू देणार, तेवढ्यात शेजारच्या काकू ओरडत आल्या, वहिनींना कळा सुरू झाल्यात, दवाखान्यात नेलंय म्हणून. खांब तसाच टाकून हे अनवाणी पळाले.

भिंगरी : माझ्यासाठी?

आई : नाही, दवाखान्याच्या दारांची मापं घ्यायला.

बाबा : परत आलो तोवर खांब कलला होता, नि पावसानं माती खड्ड्यात वाहून घट्ट बसली होती. सरळ करायचा तर सगळं उकरावं लागलं असतं.

आई : अर्ध्या दिवसाचं काम. पण नाही. कुणी हटकलं की म्हणायचे, राहू दे, तो पोरीचा खांब आहे.

(बाबा रंधा खाली ठेवतात.)

भिंगरी : पैज जिंकले मी, पण आता त्यांना हसत सांगू कशी?

बाबा : म्हणून तर म्हणतो, नवी शेडही लाकडीच बांधू. खांब पुरायचे, त्यावर वासे, वर कौलं. कुठंही खिळा मार, फळी लाव, लाकूड नाही म्हणत नाही. लोखंडी शेड म्हणजे उन्हात भट्टी, नि थंडीत पत्र्याला आतून पाणी सुटणार. माझ्या पटाशा गंजून जातील.

आई : आतून अस्तर लावलं की पाणी सुटत नाही, शेडवाल्यानं तुमच्यासमोरच सांगितलं. त्याचा सांगाडा तयार येतो, त्याची माणसं बोल्ट आवळून जातात. आणि लाकडी बांधणार कोण? तुम्हीच, त्या खांद्यानं. परवा वरचा डबा काढताना डोळ्यांत पाणी आलं होतं, बघितलं मी.

बाबा : धूळ गेली होती.

आई : खांद्यात?

भिंगरी : शेडवाल्याला आज कळवायचंय ना?

आई : हो. मी लोखंड म्हणते, हे लाकूड म्हणतात. आता तू म्हणशील तसं.

बाबा : सुताराची पोर आहे. मला काळजी नाही.

भिंगरी : बाबा, तो खांब वरून अजून चांगला आहे ना?

बाबा : बुडाचा हातभर सोडला, तर वर टणक आहे. ठोकून बघ, खणखणीत वाजतो.

भिंगरी : मग माझं ठरलं. शेड लोखंडाची.

बाबा : भिंगरे, तूसुद्धा?

भिंगरी : ऐका तर. माझा पाळणा, आईचं कपाट, हे घर, सगळं तुमच्याच खांद्यावरून आलंय. ही एक शेड दुसऱ्यांच्या खांद्यावरून येऊ दे. आणि माझा खांब मी कापणार, मीच रंधा मारणार. नव्या शेडमधल्या तुमच्या कामाच्या बाकड्याचे पाय करणार त्याचे. चुका तुम्ही काढा, पोटभर.

बाबा : आणि ते लोक शेड उभी करतील तेव्हा मी काय करू?

भिंगरी : खुर्ची टाकून बसायचं, हातात ओळंबा घेऊन. शेवटचा खांब सरळ होईपर्यंत उठायचं नाही. या वेळी कुठं पळत जायचं नाहीये, बाबा. आम्ही दोघी इथंच आहोत.